लाल झगा, लांडगा आणि एक गोडगोड फॉरवर्ड

कॅनडा आणि अमेरिकेत ५ मे हा दिवस बेपत्ता झालेल्या आणि खून झालेल्या मूळनिवासी बायका-मुलींच्या नावानं पाळला जातो. त्या सुमाराला आपल्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरायला लागतो. सोबत चित्र असतं: डोक्यावर पिसांचा भलाथोरला टोप घातलेली देखणी बाई, मागे लांडगा, वर पूर्ण चंद्र, झाडाला टांगलेला लाल झगा. मजकूर थोडक्यात असा:

"रेड इंडियन लोकांची हजारो वर्षांची श्रद्धा आहे की आत्म्यांना फक्त लाल रंग दिसतो. म्हणून घरातली बाई हरवली की ते झाडाला लाल झगा टांगतात. त्यांच्यात प्रत्येक प्राण्याचा अर्थ ठरलेला असतो. लांडगा म्हणजे निष्ठा, घुबड म्हणजे ज्ञान, अस्वल म्हणजे ताकद, फुलपाखरू म्हणजे मुक्त आत्मा. गेलेल्या बाईचा 'आत्मिक प्राणी' चित्रात काढला की तिला शांती मिळते. तोंडावरचा लाल पंजा ही योद्ध्यांची प्राचीन खूण. दुर्दैवानं यातल्या ७० टक्के बायकांना त्यांच्याच समाजातले पुरुष मारतात. सरकारनं मोठी चौकशी करून आता प्रश्न मार्गी लावला आहे. निसर्गाशी एकरूप झालेल्या या संस्कृतीला वंदन."

पाठवणाऱ्याच्या मनात वाईट काही नसणार. पण या दहा ओळींत अर्धं खरं, पाव खरं आणि साफ खोटं असं सगळं कालवलेलं आहे. ते वाचलं की हायवेवर, शहराच्या गल्लीत, कुठल्या ना कुठल्या पोलिस ठाण्याच्या हद्दीत झालेले खून जंगलातल्या दंतकथेसारखे वाटायला लागतात. कोणी मारलं, तपास कुठे अडला, हे विचारायचं सुचतच नाही. म्हणून एकेक विधान घेऊ.

पहिलं: लाल झगे टांगण्याची हजारो वर्षांची प्रथा.

या 'प्राचीन प्रथे'ची सुरुवात २०१० सालची आहे आणि ती करणारी कलाकार आजही काम करते आहे. जेमी ब्लॅक, आता त्या जेमी ब्लॅक-मॉर्सेट असं नाव लावतात, या कॅनडातल्या विनिपेग शहरातल्या मेटी कलाकार. मेटी म्हणजे मूळनिवासी आणि युरोपीय अशा दोन्ही वंशांतून घडलेला, पण स्वतःची वेगळी ओळख असलेला समाज. ब्लॅक यांनी लोकांकडून लाल झगे मागायला सुरुवात केली आणि ६०० जमवायचं ठरवलं. त्याच वर्षी मूळनिवासी बायकांच्या राष्ट्रीय संघटनेनं स्वतः शोधून काढलेल्या ५८२ प्रकरणांची नोंद जाहीर केली होती. सरकारकडे तेव्हा असा एकत्रित आकडाच नव्हता. २०११ मध्ये हे झगे विनिपेग विद्यापीठाच्या आवारात लटकले, पुढे गावोगावी गेले, २०१९ मध्ये वॉशिंग्टनच्या अमेरिकन इंडियन संग्रहालयाबाहेर टांगले गेले. कल्पनेमागे ब्लॅक यांनी कोलंबियातल्या बोगोता शहरात पाहिलेला एक प्रसंगही होता. तिथे भर चौकात लाल झगे घातलेल्या बायका बेपत्ता माणसांबद्दल 'ती कुठे आहेत?' असं ओरडून विचारत होत्या. म्हणजे या प्रथेची एक मुळी दक्षिण अमेरिकेतल्या राजकीय निदर्शनात सापडते.

आणि लाल झगा ब्लॅक यांच्याही आधी आलेला आहे. २००२ च्या जूनमध्ये रेबेका बेलमोर या अनिशिनाबे नावाच्या मूळनिवासी समाजातल्या कलाकारानं कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराच्या डाउनटाउन ईस्टसाइड वस्तीत, रस्त्याच्या कोपऱ्यावर एक प्रयोग केला. त्या भागातून एकामागून एक बायका नाहीशा होत होत्या आणि पोलिसांनी वर्षानुवर्षं ते मनावर घेतलं नव्हतं. बेलमोरनं आधी फरशी घासून धुतली, मेणबत्त्या लावल्या. दंडांवर काळ्या शाईनं बायकांची नावं लिहिलेली होती. एकेक नाव ती मोठ्यानं हाकारायची आणि प्रत्येक नावानंतर एक गुलाब, काट्यापानांसकट, दातांतून ओढून काढायची. मग तिनं लांब लाल झगा घातला, तो खांबाला खिळ्यांनी ठोकला आणि झटे देत, कापड फाडत स्वतःला सोडवलं. पुन्हा ठोकला, पुन्हा फाडला. शेवटी चिंध्या खांबावर राहिल्या. यात कुठे चंद्र नाही, लांडगा नाही, शांती तर नाहीच नाही.

लाल रंगाबद्दलचं वाक्य मात्र हवेतून आलेलं नाही, हे मान्य करायला हवं. ब्लॅक यांनी मुलाखतींत सांगितलं आहे की आत्म्यांना दिसतो तो एकच रंग म्हणजे लाल, असं एका मूळनिवासी स्नेह्याशी बोलताना त्यांना कळलं आणि म्हणून हा रंग त्या बायकांना परत बोलावणारा वाटला. त्याच्या जोडीला लाल म्हणजे रक्त, आणि रक्त म्हणजे जिवंतपण, असंही त्या म्हणतात. एका कलाकाराला एका स्नेह्यानं सांगितलेली ही गोष्ट. कॅनडात ६३० हून जास्त फर्स्ट नेशन्स, म्हणजे मूळनिवासी समाज, आहेत, त्यांच्या ५० हून जास्त भाषा आहेत. उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट आणि मेटी त्याहून वेगळे. अमेरिकेत केंद्र सरकारनं मान्य केलेल्या ५७० हून जास्त जमाती आहेत. या सगळ्यांच्या माथी एक श्रद्धा मारायची आणि वर तिला 'हजारो वर्षांची' म्हणायचं, हे वंदन कसलं? ज्या बाईनं ही गोष्ट घडवली तिचं नाव तेवढं गाळलं गेलं.

दुसरं: प्रत्येक प्राण्याचा ठरलेला अर्थ आणि प्रत्येक बाईचा आत्मिक प्राणी.

इथे जरा रेंगाळायला हवं, कारण खरा घोटाळा इथेच आहे. फॉरवर्डमधले प्राणी राशिभविष्यातून आल्यासारखे आहेत: स्वभाव सांगा, प्राणी घ्या. घुबडाचंच बघा. ज्ञानी घुबड हे ग्रीकांच्या अथेनाचं. उत्तर अमेरिकेतल्या अनेक जमातींत घुबड मृत्यूची वार्ता आणणारं मानतात आणि काही घरांत त्याचं चित्रही नको असतं. लेक गमावलेल्या अशा घरातल्या आईला घुबडाचं चित्र 'श्रद्धांजली' म्हणून पाठवलं तर ती काय म्हणेल?

आता कॅनडाच्या पश्चिमेकडच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या किनाऱ्याकडे या. फॉरवर्डमध्ये ज्याचं नाव नाही तो सोळा क्रमांकाचा महामार्ग इथलाच. प्रिन्स जॉर्ज ते प्रिन्स रूपर्ट, साधारण ७२० किलोमीटर. लोक त्याला अश्रूंचा महामार्ग म्हणतात. पोलिसांच्या विशेष तपास पथकाच्या यादीत या आणि आसपासच्या महामार्गांवरची १९६९ ते २००६ मधली १८ प्रकरणं आहेत. इथल्या समाजांच्या हिशेबानं आकडा त्याहून कितीतरी मोठा. हा रस्ता कॅरियर, वेट्सुवेटेन, गिट्क्सान, त्सिमशियन अशा राष्ट्रांच्या भूमीतून जातो. या किनाऱ्यावर लांडगा, गरुड, ओर्का, डोमकावळा हे प्राणी कोरीव खांबांवर, घरांच्या दर्शनी भिंतींवर, समारंभाच्या वस्त्रांवर दिसतात. पण ते कुळाचे असतात. त्सिमशियनांची अशी चार कुळं, याच चार प्राण्यांची.

मराठी माणसाला हे समजायला देवक पुरे. कुणाचं देवक पंचपल्लव, कुणाचं कळंब, कुणाचं मोराचं पीस. ते घराण्याकडून येतं, लग्नात त्याची प्रतिष्ठा होते, एक देवक असलेल्यांत सोयरीक होत नाही. 'मी स्वभावानं शांत आहे म्हणून माझं देवक कळंब' असं कोणी म्हणत नाही. त्सिमशियनांतही लांडगा कुळातल्यानं लांडगा कुळात लग्न करायचं नाही. फरक इतकाच, आणि तो आपल्या विषयात फार मोठा आहे, की तिथे कुळ आईकडून येतं. कुळाची प्राणिचिन्हं कोरण्याचा, अंगावर मिरवण्याचा हक्क घराण्याच्या मालकीचा असतो आणि तो मेजवानीत पाहुण्यांसमोर, त्यांच्या साक्षीनं सिद्ध करावा लागतो. अशा समारंभांवर, म्हणजे पॉटलॅचवर, कॅनडाच्या सरकारनं १८८५ पासून कायद्यानं बंदी घातली होती. ती १९५१ पर्यंत टिकली.

म्हणजे तिथली एखादी लांडगा कुळातली मुलगी घरी परतत नाही, तेव्हा तिच्याबरोबर तिच्या पोटी जन्मणारं कुळही थांबतं. मुलगे उरले तरी त्यांची मुलं बायकोच्या कुळात जाणार. लांडगा म्हणजे 'निष्ठा' असं म्हटलं की यातलं काहीच दिसत नाही. ४ सप्टेंबर २०२० रोजी टेरेस गावाच्या पश्चिमेला, किटसमकेलम समाजाच्या जागेत, याच महामार्गालगत एक स्मारक-खांब उभा राहिला. तो निस्गा कारागीर माइक डांगेली यांनी कोरला. तो उभा आहे रस्त्याकडे तोंड करून, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकवाल्यांना दिसेल असा.

प्राणी आणि गुण यांची जोडी सांगणारी शिकवण खरोखरच आहे, पण ती विशिष्ट लोकांची आहे. पंचमहासरोवरांच्या परिसरातल्या अनिशिनाबे लोकांत सात आजोबांच्या शिकवणी सांगतात: गरुड प्रेमाचा, बायसन आदराचा, अस्वल धैर्याचं, लांडगा नम्रतेचा, कासव सत्याचं, साबे नावाचा वनमानव प्रामाणिकपणाचा. आणि ज्ञानाचा कोण, तर बीव्हर. बीव्हर दातांनी झाडं कुरतडून बांध घालतो. दात वापरलेच नाहीत तर ते वाढत जातात आणि त्याच्या कामाचे राहत नाहीत. मिळालेली देणगी वापरली नाही तर ती तुम्हालाच जड होते, असं हे ज्ञान. प्राणी इथे स्वभावाचं प्रमाणपत्र देत नाही, काम नेमून देतो.

याचा पुरावा हवा तर विनिपेगच्या नॉर्थ एंड वस्तीत रात्री भेटतो. अनिशिनाबे कुळव्यवस्थेत अस्वल कुळाकडे राखणीचं आणि औषधपाण्याचं काम. १९९२ मध्ये तिथल्या लोकांनी 'बेअर क्लॅन पॅट्रोल' नावानं गस्त सुरू केली, ती मध्यंतरी बंद पडली. ऑगस्ट २०१४ मध्ये शहरातून वाहणाऱ्या रेड नदीत १५ वर्षांच्या एका मूळनिवासी मुलीचा मृतदेह सापडला आणि गस्त पुन्हा उभी राहिली. बाया-बापे अंगावर ठळक रंगाचे जाकीट घालून गल्ल्यांतून हिंडतात, नशेच्या टाकलेल्या सुया उचलतात, खायला देतात, एकट्या पोरींची विचारपूस करतात. त्याच सुमाराला काही जणांनी होड्यांतून गळ टाकून नदीचा तळ धुंडाळायला सुरुवात केली, कारण पोलिस ते करत नव्हते. अस्वल म्हणजे ताकद? असेल. पण त्या ताकदीला गस्तीचं वेळापत्रक आहे.

दुसरं उदाहरण मूसचं. हा सांबराच्या जातकुळीतला, पण त्याहून कितीतरी दांडगा प्राणी. २०११ च्या ऑगस्टमध्ये पॉल लासर्ट आणि त्यांची तरुण मुलगी रेव्हन हे कॅरियर समाजातले बापलेक याच सोळा क्रमांकाच्या महामार्गाजवळ, आपल्या पिढीजात रानात शिकारीला गेले होते. हिवाळ्याची बेगमी म्हणून त्यांनी एक मूस मारला. रस्ता जवळच होता, त्यावरून नाहीशा झालेल्या बायकांचा विषय निघणारच. कातडं सोलता सोलता कल्पना सुचली: याचे छोटे चौकोनी तुकडे करायचे आणि पुरुषांनी ते छातीवर लावायचे, बायकांवर हात उचलणार नाही आणि दुसऱ्यानं उचललेला खपवून घेणार नाही असं सांगायला. ते तुकडे आता लाखोंच्या संख्येनं कॅनडाभर गेले आहेत. इथे मूस कशाचंही 'प्रतीक' नव्हता. तो जेवण होता, कातडं होता, त्या रानावरचा हक्क होता. गंमत म्हणजे फॉरवर्डला 'निसर्गाशी एकरूप' म्हणताना शिकार, रक्त आणि कातडं कमावणं हे काही आठवत नाही.

२०१२ मध्ये मेटी चित्रकार क्रिस्टी बेलकोर्ट यांनी जे आवाहन केलं त्यातही प्राणी होते ते असेच, साहित्य म्हणून. मोकासिन म्हणजे मऊ कातड्याचे जोडे. त्याचा पावलावर येणारा वरचा तुकडा वेगळा करून, सजवून पाठवा, असं त्यांनी लोकांना सांगितलं. ६०० जोड मागितले, १,७०० हून जास्त आले. शिवाय मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या निवासी शाळांतून कधीच घरी न परतलेल्या मुलांसाठी शंभरावर चिमुकले जोड. कातडं, फर, साळिंदराचे काटे, हजारो मणी. त्यांना तळ मुद्दाम लावले नाहीत, कारण ती आयुष्यंही पुरी झाली नव्हती. २०१३ पासून २०१९ पर्यंत हे सगळं कॅनडाभर फिरलं. पाहायला येणारा चपला काढून, हातात चिमूटभर तंबाखू घेऊन, लाल कापडाच्या वाटेवरून या जोडांच्या कडेनं चालायचा. मांडणी दर गावी तिथलेच लोक ठरवत. एकेका जोडामागे एकेका माणसाच्या कित्येक रात्री आहेत. तयार चित्र उचलून चिकटवणं आणि हे, यात काही अंतर आहे की नाही?

आणि प्राण्याचं नाव एखाद्या बाईला खरोखर दिलं गेलं, तो प्रसंग सांगतो. डिसेंबर २०२२ पर्यंत विनिपेग पोलिसांनी एका माणसावर चार मूळनिवासी बायकांच्या खुनाचे आरोप ठेवले. तिघींची नावं कळली होती. चौथीचं ना नाव माहीत होतं, ना तिचा मृतदेह सापडला होता. तिला 'अज्ञात महिला' म्हणून फायलीत ठेवायला समाजातल्या ज्येष्ठ बायका तयार नव्हत्या. त्यांनी तिला मश्कोडे बिझिकिइक्वे, म्हणजे बायसन-स्त्री, असं नाव दिलं. खटला त्याच नावानं चालला, मोर्च्यांत फलकांवर तेच नाव होतं. मार्च २०२५ मध्ये पोलिसांनी तिची खरी ओळख जाहीर केली. बायसन म्हणजे अमुक गुण, असं काही त्यात शोधायला जाऊ नका. मधल्या सव्वादोन वर्षांत ती कुणाची तरी होती, एवढं त्या नावानं केलं.

यांतल्या एकाही कामात 'गेलेल्या बाईचा आत्मिक प्राणी काढला की तिला शांती मिळते' असलं काही नाही. ती कल्पना इंटरनेटवरच्या 'तुमचा प्राणी ओळखा' छाप प्रश्नमंजूषांच्या गोतावळ्यातली.

तिसरं: तोंडावरचा लाल पंजा. हे लवकर आटपतं. जॉर्डन मरी डॅनियल या लाकोटा धावपटूनं २०१९ ची बॉस्टन मॅरेथॉन तोंडावर लाल पंजा रंगवून धावली आणि २६ मैलांतला एकेक मैल एकेका बाईच्या नावानं केला. पुढच्याच महिन्यात रोझली फिश ही काउलिट्झ समाजातली शाळकरी धावपटू वॉशिंग्टन राज्याच्या शालेय स्पर्धेत तसाच पंजा रंगवून उतरली. छायाचित्रं जगभर गेली. हा पंजा तोंड दाबणाऱ्याचा आहे. त्याला योद्ध्याची खूण म्हटलं की दाबणारा गायब होतो आणि शौर्य तेवढं उरतं.

चित्राबद्दलही दोन शब्द. पिसांचा तो मोठा टोप मैदानी प्रदेशातल्या काही राष्ट्रांचा, मिळवावा लागणारा मान आहे आणि परंपरेनं तो पुरुषांचा. प्रशांत किनाऱ्यावरची किंवा इन्युइट बाई तो घालून उभी राहणं म्हणजे नुसता वेशभूषेचा कार्यक्रम. ज्या ठसठशीत काळ्या रेघांच्या, पोटातलं दाखवणाऱ्या प्राण्यांच्या शैलीला लोक 'प्राचीन रेड इंडियन कला' म्हणतात, तीसुद्धा नॉर्वल मॉरिसो या अनिशिनाबे चित्रकारानं १९६० च्या दशकात नावारूपाला आणली. कातळचित्रांचा आणि भूर्जपत्रांवरच्या रेखाटनांचा आधार घेऊन, पण हात आणि डोकं त्याचं. त्याच्या नावावरची खोटी चित्रं इतकी बोकाळली की २०२३ मध्ये ओंटारियोत आठ जणांवर आरोप ठेवले गेले आणि हजाराहून जास्त चित्रं जप्त झाली. फॉरवर्डमधल्या चित्रावर कुणाचं नाव कधी दिसलंय?

चौथं: ७० टक्के. हे विधान सगळ्यात घातक, कारण ते आकडा लावून येतं.

त्याचा उगम सापडतो. २०१५ मध्ये कॅनडाचे तेव्हाचे मंत्री बर्नार्ड व्हॅलकोर्ट यांनी मूळनिवासी प्रमुखांसमोर बंद दाराआड हा आकडा सांगितला. गदारोळ झाल्यावर आरसीएमपी या केंद्रीय पोलिस दलाच्या प्रमुखांनी पत्र लिहून त्याला दुजोरा दिला. पुढे राष्ट्रीय चौकशी आयोगानं मुळाशी जाऊन पाहिलं आणि अंतिम अहवालात लिहिलं की या आकड्याला धड आधार नाही; त्याचा पाया म्हणजे २०१३ आणि २०१४ मध्ये आरसीएमपीच्या हद्दीत झालेले ३२ खून. देशभराचं, अनेक दशकांचं चित्र त्यावरून काढता येत नाही. त्याच पोलिस दलाच्या २०१४ च्या अहवालात १९८० ते २०१२ मधली १,१८१ प्रकरणं होती: १,०१७ खून, १६४ बेपत्ता. आणि जी बाई बेपत्ता आहे, तिच्या 'मारेकऱ्याचा समाज' कोणत्या कागदावरून मोजायचा?

बहुतेक खून ओळखीच्या माणसाकडून होतात, हे खरं आहे. जगात सगळीकडेच बायकांच्या बाबतीत ते खरं आहे. मूळनिवासी घरांतली हिंसा मूळनिवासी बायका स्वतःच उघडपणे मांडत आल्या आहेत. मूस-कातड्याची मोहीम आणखी कशासाठी होती? पण 'त्यांचं त्यांच्यातच चालतं' हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. व्हँकुव्हरच्या त्याच ईस्टसाइड वस्तीतल्या बायकांना मारणारा रॉबर्ट पिक्टन हा गोरा डुक्करपालक होता. २००२ मध्ये तो पकडला गेला, त्याच्या शेतावर ३३ बायकांचे डीएनए सापडले, २००७ मध्ये सहा खुनांबद्दल शिक्षा झाली. विनिपेगच्या चार खुनांतला गुन्हेगारही गोरा. हे खून वंशद्वेषातून झाले असं सरकारी पक्षानं न्यायालयात मांडलं आणि २०२४ मध्ये तो दोषी ठरला.

अमेरिकेत तर कायद्यानंच वाट करून दिली होती. १९७८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की जमातींच्या न्यायालयांना बिगर-मूळनिवासी माणसावर फौजदारी खटला चालवता येणार नाही. म्हणजे बाहेरचा माणूस राखीव प्रदेशात येऊन बाईला मारून गेला, तर तिथलं न्यायालय हात बांधून बसणार आणि केंद्राचे वकील सवडीनं बघणार. २०१३ आणि २०२२ च्या दुरुस्त्यांनी ही फट थोडीफार बुजली. अमेरिकेच्या न्याय खात्यातल्या संशोधन संस्थेनं २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत हिंसा सोसलेल्या मूळनिवासी बायकांपैकी ९७ टक्के बायकांनी निदान एक तरी अत्याचारी दुसऱ्या वंशाचा असल्याचं सांगितलं होतं. हा आकडा कुठल्या फॉरवर्डमध्ये येत नाही.

मोजणीचीच अवस्था बघायची तर, सिॲटलच्या अर्बन इंडियन हेल्थ इन्स्टिट्यूटनं २०१८ मध्ये दाखवून दिलं की २०१६ या एका वर्षात मूळनिवासी बायका-मुली बेपत्ता झाल्याच्या ५,७१२ तक्रारी गुन्हे नोंदणीत होत्या आणि न्याय खात्याच्या बेपत्ता व्यक्तींच्या यादीत त्यांतल्या ११६. फक्त ११६.

पाचवं: चौकशी झाली, प्रश्न मार्गी लागला.

चौकशी झाली, हे खरं. २०१६ मध्ये नेमलेल्या आयोगानं ३ जून २०१९ रोजी अहवाल दिला, दोन हजारांहून अधिक लोकांचं ऐकून. सुनावण्यांत सीलच्या चरबीवर जळणारा इन्युइट दिवा, कुल्लिक, लावला जायचा. लोकांनी दिलेल्या कलाकृतीही आयोगानं साक्षीइतक्याच गांभीर्यानं जपून ठेवल्या. जे घडलं तो वंशसंहार आहे, असा शब्द अहवालानं वापरला आणि न्यायासाठी २३१ मागण्या मांडल्या. चार वर्षांनी, २०२३ मध्ये, कॅनडाची सार्वजनिक वाहिनी सीबीसीनं हिशेब मांडला तेव्हा २३१ पैकी २ पूर्ण झाल्या होत्या. निम्म्याहून अधिकांना हातही लागला नव्हता. सोळा क्रमांकाच्या महामार्गावर बस हवी, म्हणजे मुलींना अनोळखी गाड्यांना हात करावा लागणार नाही, ही शिफारस २००६ ची. बस धावली २०१७ मध्ये. बस! त्यासाठी कुठलं तत्त्वज्ञान लागत नव्हतं.

लाल झग्यांनी मात्र काम केलं. मे २०२३ मध्ये खासदार लीया गॅझन यांच्या ठरावावर कॅनडाच्या लोकसभेनं एकमतानं या प्रकाराला राष्ट्रीय आणीबाणी म्हटलं आणि मुलगी बेपत्ता होताच फोनांवर इशारा पाठवणारी यंत्रणा मागितली. तिचं नावच 'रेड ड्रेस अलर्ट'. २०२४ मध्ये विनिपेग ज्यात आहे त्या मॅनिटोबा प्रांतात तिच्या प्राथमिक प्रयोगाची घोषणा झाली. कलाकारानं टांगलेला झगा सरकारी कागदात शिरला तो असा.

विनिपेगच्या त्या चार बायकांपैकी दोघींचे अवशेष शहराबाहेरच्या प्रेअरी ग्रीन कचराभूमीत असल्याचं पोलिसांना वाटत होतं, पण शोध घेणं शक्य नाही असं त्यांनी डिसेंबर २०२२ मध्ये सांगून टाकलं. अभ्यास झाला, खर्च ८.४ ते १८.४ कोटी डॉलर निघाला. प्रांताच्या तेव्हाच्या सरकारनं कामगारांच्या आरोग्याचं कारण देत नकार दिला आणि २०२३ च्या निवडणुकीत त्या पक्षानं 'आम्ही खोदणार नाही' याचीच जाहिरात केली. घरच्यांनी शहराच्या दुसऱ्या, ब्रेडी रोड कचराभूमीच्या रस्त्यावर तळ ठोकला, लाल झगे टांगले. निवडणुकीत सरकार बदललं. डिसेंबर २०२४ मध्ये शोध सुरू झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये, तीन महिन्यांच्या आत, अवशेष हाती लागायला लागले. मार्चपर्यंत दोघींचीही ओळख पटली होती.